चिलापीच का लागतो
"मोठे रोहू-कटला लोकांनी संपवले म्हणून गळाला चिलापीच (तिलापिया मासा) लागतो," हे म्हणणं मुंबईच्या पवई तलावापुरतं मला अर्धंच पटतं. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तलावात त्यांची पैदास जवळपास होतच नाही. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली तरच हे मासे तिथे असतात. गाभोळीचा रोहू परत सोडलात तरी पिल्लं वाढणार नाहीत.

चिलापी मात्र १९५२ साली भारतात आला आणि तलावातच वाढत राहिला. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठच्या चिखलात बशीएवढे गोल खळगे दिसतात ना, ती नरांनी उकरलेली घरटी. त्यामुळे छोटा चिलापी कीव येऊन परत सोडू नका. आणि पालिकेकडे मागणी करायचीच तर बोटभर लांबीच्या बोटुकलीची करा. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक पिल्लं, टाकले तर बरेचसे चिलापीच फस्त करतो.