ईमॅक्समधल्या ईआरसीत मराठी ओळी तुटतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे कुणी ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरणारे असतील तर थोडी मदत हवी आहे. मी मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचं काम करतो. पीओ फाइल्स (भाषांतराच्या फाइली) ईमॅक्समध्येच उघड्या असतात, म्हणून गप्पांसाठीही त्याच्यासोबत येणारं ईआरसी वापरतो; आयआरसी या जुन्या लेखी गप्पांच्या पद्धतीसाठीचं ते साधन. डावीकडे फाइल, उजवीकडे लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कवरचा चॅनेल. एखाद्या शब्दावर अडलं की तिथेच विचारायचं आणि ठरलेला शब्द तिथूनच उचलून फाइलीत टाकायचा. ईआरसीचं लॉग मॉड्यूल (नोंद ठेवणारा भाग) चालू ठेवलं की सगळी चर्चा साध्या टेक्स्ट फाइलीत राहते. हे मला फार मोलाचं वाटतं, तेव्हा 'दुसरं अ‍ॅप घ्या' एवढं कृपया सुचवू नका.

संगणकावर डेबियन 12 (लिनक्स) आहे, ईमॅक्स 28.2, ईआरसी 5.4. जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात, म्हणजे फॉन्टचा प्रश्न नाही.

पडदा दुभागला की उजवीकडच्या ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात: एक पूर्ण ओळ, खाली एकच शब्द, पुन्हा पूर्ण ओळ. तो मजकूर फाइलीत चिकटवला तर तुटलेल्या ओळीही सोबत येतात. ओळी ठरावीक रुंदीवर तोडणारं फिल मॉड्यूल बंद केलं तर पुढची ओळ थेट टोपणनावाखाली सुरू होते आणि कोण काय म्हणालं ते लांब चर्चेत शोधत बसावं लागतं.

दुसरं म्हणजे, माझा जरा मोठा मराठी निरोप दोन-तीन तुकड्यांत जातो. मध्येच दुसऱ्याचं बोलणं येतं. तेवढाच इंग्रजी निरोप सलग जातो. ईआरसी-स्प्लिट-लाइन-लेंग्थ (निरोप किती लांबीवर तोडायचा ती मर्यादा) वाढवून पाहिलं, तर निरोपाचं शेपूटच गायब झालं. यावर काय करता येईल?

प्रतिसाद 1:

ओळींचं आधी सांगतो. तुमचं फिल मॉड्यूल 78 रकान्यांवर खरोखरची नवी ओळ घालतं, त्यामुळे खिडकी अरुंद झाली की ती ओळ आणखी एकदा मोडते. ईआरसी 5.6 मध्ये फिल-रॅप आलंय. ते मजकुरात काही घालत नाही, खिडकीच्या रुंदीप्रमाणे ओळी वळवतं आणि नावांचा रकाना वेगळा ठेवतं. त्यासाठी ईमॅक्स बदलायची गरज नाही. लिस्ट-पॅकेजेस ही आज्ञा देऊन पॅकेजांची यादी उघडा, ग्नू ईएलपीए या ईमॅक्सच्या पॅकेज-भांडारातल्या ईआरसीवर आय ही कळ दाबा, मग एक्स. ईमॅक्स बंद करून पुन्हा सुरू करा आणि ईआरसी-मॉड्यूल्स या सेटिंगमध्ये फिल-रॅप घाला.

तुकड्यांचं कारण आयआरसीतच आहे. एका निरोपाला सगळं मिळून 512 बाइट्स मिळतात. त्यात चॅनेलचं नाव वगैरे बसायचं असतं, म्हणून ईआरसी 440 बाइट्सवर थांबतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट्सचं, काना आणि हलन्तसुद्धा. 'स्वातंत्र्य' या एकाच शब्दात 11 चिन्हं, म्हणजे 33 बाइट्स. मर्यादा वाढवली तर जास्तीचं सर्व्हर कापून टाकतो, तुमचं शेपूट तिथेच गेलं. ती 440 च राहू द्या. लांब मजकूर असेल तर तो पेस्टबिनवर (मजकूर चिकटवून ठेवायच्या संकेतस्थळावर) टाकून त्याचा दुवा द्या.

धागाकर्ता:

मनापासून आभार! फिल-रॅप लागलं, चिकटवलेला मजकूरही सलग येतोय. फक्त नावांचा रकाना फार रुंद वाटतो, तो कमी कसा करायचा?

प्रतिसाद 1:

एम-एक्स दाबून ईआरसी-फिल-रॅप-नज ही आज्ञा द्या. कायमचं हवं असेल तर ईआरसी-फिल-स्टॅटिक-सेंटर या सेटिंगचा आकडा कमी करा.