गणवेशाने तुम्हाला वाचवलं की अडवलं? अनुभव लिहा

रानजाई:
काल भाचीचा नवा गणवेश हातात घेतला आणि त्या कोऱ्या कापडाच्या वासाने थेट सातवीत गेले. शाळा तालुक्याला, एसटीने ये-जा. एकदा परत येताना डोळा लागला, आमचं गाव मागे राहिलं. शेवटच्या स्टॉपला मिट्ट अंधार. कंडक्टरकाकांनी खिशावरचा बिल्ला पाहिला, शाळेवरून गाव ओळखलं आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. साध्या फ्रॉकमध्ये असते तर? गणवेशाने शिस्त लागते की नाही माहीत नाही, पण पोर कुठलं ते कळतं.

भटक्या:
कळतं म्हणजे काय! आठवीत शाळा बुडवून जत्रेत. शर्ट दप्तरात कोंबला, खाकी चड्डी कुठे लपवणार? रसवंतीवाल्याने घरी सांगितलं. वडिलांनी मारलं नाही, पण रात्री जेवले नाहीत. पुन्हा कधी बुडवली नाही.

मोगरा:
रसवंती!! घुंगरांचा आवाज, आलं-लिंबू घातलेला रस...

भटक्या:
आमच्या स्टँडबाहेर आहे अजून एक. घुंगरांसकट.

शाळेतली बाई:
मी जि.प. शाळेत शिकवते. २०२४-२५ला राज्यभर एकच गणवेश ठरला, शिवायचं काम बचत गटांकडे. आमच्याकडे पंधरा ऑगस्ट जुन्या कपड्यांवरच झाला. वर्गात दंगा होता तेवढाच, भांडणंही तेवढीच. पण एक पोरगा आखूड झालेली पँट खाली ओढत मागेच उभा राहिला, कवायतीला पुढे आला नाही. ते अजून डोळ्यासमोर आहे. डिसेंबरात निर्णय फिरला, खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडे. दोन जोडांचे ६०० रुपये, शिलाई धरून.

सावली:
आमची जोडी एकच. आई रोज रात्री धुऊन चुलीपाशी वाळवायची. शर्टाला धुराचा वास, शेजारची मुलगी बाकावर लांब सरकायची. गणवेशाने सगळे सारखे होतात म्हणे. मला तरी तसं कधी वाटलं नाही.

मोगरा:
सावलीताई, गलबलून आलं गं.

निशिगंध:
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. गणवेश बघूनच मागे लागणारेही असतात. शाळा कुठली, सुटते कधी, सगळं कळतं त्यांना. नववीत मी मार्चच्या उन्हातही वरून स्वेटर घालायचे.

रानजाई:
हे डोक्यातच आलं नव्हतं. बिल्ला सगळ्यांनाच दिसतो. आज भाचीला विचारते, रस्त्यात कुणी त्रास देतं का.

भटक्या:
पांढऱ्या शर्टावरची शाई कशाने जाते? लेकाचा उद्या वर्गफोटो आहे.

सावली:
दुधात भिजत घाला, मग लिंबू-मीठ चोळा. आई तेच करायची.