भागीदारी हवी, पण इंजिनाची

'भारताने आम्का हे रडारवर सहज न दिसणारं पाचव्या पिढीचं लढाऊ विमान एकट्याने विकसित करण्यापेक्षा ब्रिटन-जपान-इटलीच्या जीकॅप या पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पात सामील व्हावं', असं एक मत आहे; ते मला पटत नाही. त्या तिघांनी डिसेंबर २०२२ मध्ये हातमिळवणी केली, २०३५ पर्यंत विमान सेवेत आणण्याचं लक्ष्यही ठरवलं. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला खर्च येतो, आराखड्यात शब्द मिळत नाही.

आपण हे अनुभवलंय. रशियासोबतच्या पाचव्या पिढीच्या विमानासाठी २०१० मध्ये प्राथमिक आराखड्याचा सुमारे २९.५ कोटी डॉलरचा करार झाला, आणि २०१८ मध्ये आपण बाहेर पडलो. तंत्रज्ञान किती मिळणार, यावरच घोडं अडलं होतं. फ्रान्सनेही १९८५ मध्ये युरोपीय देशांचा संयुक्त लढाऊ विमानाचा प्रकल्प सोडून राफेल घडवलं. त्यांना विमानवाहू नौकेवर उतरू शकेल असं विमान हवं होतं. पण त्यांच्याकडे स्वतःचं इंजिन होतं, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

जेट इंजिनातल्या टर्बाइनचं पातं ज्या वायूत फिरतं त्याचं तापमान त्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असतं. म्हणून ते एकाच स्फटिकातून ओततात आणि बारीक छिद्रांतून थंड हवा खेळवतात. ही विद्या कुणी सहजासहजी देत नाही. भागीदारी करायचीच तर इथे करावी, आणि आराखड्याचे बौद्धिक हक्क आपल्याकडे राहतील हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. सोबत हवाई चाचणीची सोयही उभी करावी. कावेरी या आपल्या देशी जेट इंजिनाला त्यासाठी रशियात नेऊन आयएल-७६ या मालवाहू विमानावर बसवावं लागलं होतं.