मार्करचा आकडा वाढला की लगेच मुंबई गाठायची?

खाडीकाठ:
अंडाशयाच्या कर्करोगाची केमो चालू असताना दर वेळी रत्नागिरीहून मुंबईला स्कॅनसाठी कशाला पळवायचं? सीए-१२५ या मार्करची, म्हणजे या कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, तपासणी इथेच करा. हे प्रथिन रक्तातून साधारण ५-६ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे केमोच्या तीन आठवड्यांच्या फेरीला औषध लागू पडतंय का ते कळतं. सुरुवातीचा आकडा ७० च्या वर असेल, तो निम्मा झाला आणि २८ दिवस तसाच राहिला, तर प्रतिसाद धरतात.

सीरम-सावंतवाडी:
"इथेच" म्हणजे कुठल्या मशीनवर? नळी इथे भरतात, तपासणी बहुतेकदा मुंबईला नाहीतर कोल्हापूरला. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे जुळत नाहीत. आज ६० आणि पुढच्या वेळी दुसऱ्या लॅबचे ८५, यात आजार वाढला की किट बदललं? लॅब बदलायचीच तर एकच नमुना दोन्हीकडे तपासून नवी बेसलाइन, म्हणजे तुलनेचा सुरुवातीचा आकडा, धरा. रक्त अर्धा तास गोठू द्या, मशीनमध्ये फिरवून सीरम (वरचा पिवळसर द्रव) वेगळं काढा, मग २ ते ८ अंशांत पाठवा. पावसात घाट बंद झाला की न फिरवलेली नळी तशीच पिशवीत पडून राहते, त्या रिपोर्टला काय अर्थ? केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही किटवर आकडा खोटा कमी येतो. दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगा. हे विचारतच नाही कोणी.

हर्णै:
लॅबचं सोडा. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत ५२९ बायका होत्या. सीए-१२५ वाढताच केमो दिलेल्या गटाचं मध्यक आयुष्य २५.७ महिने, लक्षणांपर्यंत थांबलेल्यांचं २७.१. आकड्यामागे धावून हाती काय लागलं?

खाडीकाठ:
अहो, ती चाचणी उपचार संपून आजार आटोक्यात असलेल्या बायकांवर होती. मी चालू केमोबद्दल बोलतोय.

हर्णै:
चालू केमोतही आकडा फसवतो. पोटातलं पाणी काढलं की सीए-१२५ वाढू शकतं, म्हणून पुढचे २८ दिवस ते धरू नये. आतड्याच्या कर्करोगात ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध सुरू केल्यावर पहिले ४-६ आठवडे सीईए हा तिथला मार्कर वर जाऊ शकतो, औषध चांगलं लागत असूनही. कावीळ असताना सीए १९-९ (स्वादुपिंड-पित्तमार्गाच्या कर्करोगाचा मार्कर) बघूच नका, आधी स्टेंट, म्हणजे तुंबलेली पित्तनळी उघडी ठेवणारी नळी.

सीरम-सावंतवाडी:
बरोबर, म्हणून एका वाढीव रिपोर्टवर गाडी बुक करायची नाही. किमान आठवड्याने, त्याच लॅबमध्ये पुन्हा. आणि आपल्याकडचे मशेरी-तंबाखूचे तोंडाचे कर्करोग? त्यांना रोजच्या वापरातला भरवशाचा मार्करच नाही. तिथे बॅटरी लावून तोंडात बघावं लागतं.