बेडसाइड मॉनिटर घ्यायचे आहेत, कनेक्टर कसे पारखावेत?

दारव्हा_डॉक:
यवतमाळ जिल्ह्यात आमचं छोटं रुग्णालय आहे. चार खाटांसाठी मल्टिपॅरा मॉनिटर (ठोके, बीपी, ऑक्सिजन एकाच स्क्रीनवर दाखवणारे) घ्यायचे आहेत. पावसाळा लागला की सर्पदंश, कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधा. तेव्हा मॉनिटरला उसंत नसते. कोटेशनवाले स्क्रीन आणि बॅटरीबद्दल भरभरून बोलतात, सॉकेटबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्या जुन्या मॉनिटरचा डिस्प्ले आजही ठणठणीत आहे, पण एसपीओटूचं (रक्तातल्या ऑक्सिजनचं) सॉकेट ढिलं पडलंय. वायर एका कोनात धरली तरच आकडा येतो. कंपनीचा माणूस म्हणतो, अख्खा बोर्ड बदला. डेमोच्या वेळी नेमकं काय तपासू?

बायोमेड_वर्धेवाला:
डॉक्टरसाहेब, प्रश्न एकदम बरोबर जागी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पिना कुणीकडे आहेत ते बघा. पिना केबलकडे आणि भोकं मशीनकडे, असंच पाहिजे. केबलची पिन वाकली तर केबल बदलून काम भागतं. पिना मशीनकडे असतील तर रात्रीच्या घाईत मशीनच आडवं होतं. मग विचारा, सॉकेट बोर्डावरच सोल्डर केलंय की आत वेगळ्या वायरीवर आहे? बोर्डावर असेल तर 'बोर्ड बदला' हे उत्तर ठरलेलंच. सॉकेटचा वेगळा पार्ट नंबर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर मी तरी तो मॉनिटर घेणार नाही.

आकारात मला गोल पुश-पुल सगळ्यात बरा वाटतो. खाच एकच, त्यामुळे उलटा बसत नाही, आणि बाहेरची कडी मागे ओढल्याशिवाय सुटत नाही. मात्र खाट सरकवताना केबल ओढली गेली तर सगळा ताण केबलच्या मानेवर येतो, तिथं लवचीक रबर आहे ना ते हाताने वाकवून बघा. स्क्रूने आवळायचा डीबी९ (९ पिनांचा चपटा कनेक्टर) मशीनवर नकोच. पेशंट उठून बसला की सॉकेट उपटतं.

डीबी९चा याहून मोठा धोका वेगळाच आहे. नेलकॉर आणि नोनिन, या दोन्ही कंपन्यांचे प्रोब (बोटाला लावायचे ऑक्सिजनचे सेन्सर) ९ पिनांच्या त्याच आकारात येतात, पण आतली जोडणी वेगळी. बसलं म्हणजे चाललं, असं नाही. प्रोबमधल्या लाल (सुमारे ६६० नॅनोमीटर) आणि इन्फ्रारेड एलईडीच्या तरंगलांबीवर मॉनिटरचं गणित बेतलेलं असतं. न जुळणारा प्रोब लावला तर आकडा चुकू शकतो आणि एलईडीतून जास्त करंट गेला तर कातडी भाजते. शुद्ध हरपलेला पेशंट बोट भाजतंय हे सांगणार कसा?

ईसीजी लीडचं (पेशंटच्या अंगाला लावायच्या वायरीचं) केबलमध्ये बसणारं टोक उघड्या पिनेचं नको, भोवती प्लास्टिकचं कवच हवं. अमेरिकेत अशी उघडी पिन चुकून विजेच्या कॉर्डमध्ये घातली गेली आणि लहान मुलं दगावली. त्यानंतर १९९७ साली तिथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) कवच सक्तीचं केलं. आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकामध्येही ती काळजी घेतलेली आहे. आपल्याकडे तेच मानक आयएस १३४५० म्हणून आहे. शिवाय पॅनेलवर ईसीजी सॉकेटजवळ दोन पॅडलांमध्ये (छातीवर शॉक द्यायच्या पट्ट्यांमध्ये) हृदय असं चिन्ह शोधा, म्हणजे शॉक देताना केबल काढावी लागत नाही. पण काही मॉनिटरमध्ये या संरक्षणाचे रेझिस्टर केबलमध्येच असतात. स्वस्त पर्यायी केबल लावली तर चिन्ह राहतं, संरक्षण जातं.

बीपी कफच्या नळीचं टोक लूअरचं (सिरिंज-सलाइनला असतो त्या जोडाचं) असेल तर सरळ नाही म्हणा. ते सलाइनच्या लाइनला बसतं आणि मशीन हवा भरतं ती शिरेत. हे टाळण्यासाठीच आयईसी ८०३६९-५ या मानकामध्ये कफचा जोड वेगळा ठरवला आहे.

सिस्टर_मेळघाट:
सर, ईसीजी लीडचे रंग आधी बघा. एका पद्धतीत उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा. अमेरिकन पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा काळा आणि लाल डाव्या पायाला! चार मॉनिटरवर दोन पद्धतीच्या केबल आल्या की नव्या मुलींचे हाल होतात. एकच पद्धत लेखी मागा.

डेमोला ग्लोव्हज घालून, लाइट घालवून केबल लावून बघा. लाइट जाते तेव्हा आम्ही मोबाइलच्या उजेडातच लावतो. खाच कुठंय हे बोटाला कळलं पाहिजे. ईसीजीची केबल दुसऱ्या भोकात बसते का, तेही करून बघा. आणि हायपोक्लोराइटने कनेक्टर पुसू नका, पिना गंजतात. कंपनीने सांगितलेलं औषध कपड्यावर घेऊन पुसायचं, पूर्ण वाळल्यावरच जोडायचं.

चांदूर_टेक्निशियन:
प्रोब स्वतःच्या बोटाला लावा आणि मशीनकडचा कनेक्टर चारी बाजूंनी हलवा. लहर तुटली तर तो पीस परत. लीड वेगवेगळ्या निघणाऱ्या घ्या भाऊ, एक तुटली की एकच बदलते.

दारव्हा_डॉक:
सगळ्यांचे मनापासून आभार. बायोमेड भाऊ, आमच्याकडे जुने डीबी९ प्रोब पडून आहेत, चांगले आहेत. एक्स्टेन्शन लावून नव्या मॉनिटरला चालवता येतील का?

बायोमेड_वर्धेवाला:
नव्या मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या प्रोबची यादी असते. त्या यादीत मॉडेल नंबर असेल तरच चालवा जी. नसेल तर कितीही चांगले दिसले तरी बाजूला ठेवा. एक्स्टेन्शनचा जोड गादीवर पडून ओला होतो, तो खाटेच्या दांड्याला बांधा. आणि कोटेशनमध्ये प्रत्येक मॉनिटरमागे ईसीजी आणि एसपीओटूची एकेक जादा केबल, पुढच्या पाच वर्षांचे केबलचे दर आणि सॉकेटची किंमत वेगळ्या ओळीत लिहून घ्या. हे सगळं ऑर्डरवर सही व्हायच्या आधी, नंतर कोणी देत नाही.