नवे सिम घातल्यावर फोन भलताच क्रमांक दाखवतो: काय करावे?

सातपूरकर: आईचे जुने सिम खराब झाल्याने तोच क्रमांक कायम ठेवून काल दुकानातून नवे सिम घेतले आणि तिच्या आयफोनमध्ये घातले. फोन येतात-जातात, मात्र सेटिंग्जमध्ये 'माय नंबर' या ठिकाणी आमच्या ओळखीचा नसलेला क्रमांक दिसतो. तिचे निवृत्तिवेतन याच क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जमा होते, त्यामुळे बँकेचे ओटीपी दुसऱ्या कुणाकडे जातील की काय, अशी तिला धास्ती वाटते. फोन रीसेट करावा का? कृपया मार्गदर्शन करावे.

तारयंत्र: रीसेट मुळीच करू नका, हकनाक सगळी माहिती पुसली जाईल. आधी आईंच्या फोनवरून शेजारच्या एखाद्या फोनवर मिस्ड कॉल द्या आणि तिथे कोणता क्रमांक उमटतो ते पाहा. तो बरोबर असेल तर नेटवर्कच्या लेखी आईंचा क्रमांक बरोबरच आहे. सिममध्ये एक ओळखक्रमांक असतो आणि तो कोणत्या मोबाइल क्रमांकाशी जोडायचा याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत असते. कॉल आणि ओटीपी त्याच नोंदीनुसार पोहोचतात. सिमवर स्वतःचा क्रमांक लिहिण्यासाठी वेगळी जागा असते, पण तिला पाटीपलीकडे महत्त्व नाही. कोऱ्या सिमवर कधी कधी आधीच एखादा तात्पुरता क्रमांक लिहिलेला असतो आणि तो बदलायचा राहून जातो. मिस्ड कॉलमध्येही परका क्रमांक दिसला, तर मात्र ओळखपत्र घेऊन थेट कंपनीच्या दालनात जावे. ती चूक घरी सुधारता येत नाही.

निळीशाई: पाटी दुरुस्त करणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये 'फोन' उघडून (नव्या आवृत्त्यांत आधी 'ॲप्स'मध्ये जावे लागते) 'माय नंबर'वर टिचकी मारा, +९१ सह योग्य क्रमांक लिहा आणि जतन करा. त्यानंतर आयमेसेज (ॲपलची संदेशसेवा) व फेसटाइम (ॲपलची व्हिडिओ कॉल सेवा) बंद करून पुन्हा सुरू करा आणि 'सेंड अँड रिसीव्ह'मध्ये योग्य क्रमांकापुढे खूण आहे ना, ते तपासा. व्हॉट्सॲपमधील 'क्रमांक बदला' हा पर्याय वापरू नका, कारण आईंचा क्रमांक बदललेलाच नाही.

सातपूरकर: आभारी आहे. मिस्ड कॉलमध्ये आईचाच क्रमांक दिसला आणि 'माय नंबर'ही सुधारला. तरीही यूपीआय ॲपची पडताळणी अपयशी ठरते आणि आयमेसेजही 'सक्रिय होत आहे' एवढेच दाखवत आहे.

तारयंत्र: त्याचा या पाटीशी संबंध नसावा. आपल्याकडे सिम बदलून घेतल्यावर २४ तास त्या क्रमांकावरून एसएमएस पाठवण्याची आणि त्यावर ते येण्याची सोय बंद ठेवली जाते. परक्याने तुमच्या नावाने सिम काढलेच, तर तेवढ्या वेळात ओटीपी त्याच्या हाती पडू नयेत आणि खऱ्या ग्राहकाला सावध होता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. यूपीआयची पडताळणी तुमच्या सिमवरून गेलेल्या एसएमएसवरच चालते. आयमेसेज सक्रिय करतानाही फोन गुपचूप एक एसएमएस पाठवतो आणि त्याचे शुल्क लागू शकते, म्हणून प्रीपेड असल्यास थोडी शिल्लक ठेवा. तोवर पडताळणीचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. काही ॲप सलग अपयशानंतर काही काळ वाट पाहायला लावतात. नवे सिम सुरू झाल्यापासून २४ तास उलटले, की आधी साधा एसएमएस पाठवून पाहा आणि तो पोहोचला तरच यूपीआय उघडा.