‘शाकाहारी साबण’ बरोबर आहे का? व्हीगन आणि क्रुएल्टी-फ्री यांसाठी मराठी शब्द

नौपाड्यातील आमच्या इमारतीतली आठ कुटुंबे मिळून दर दोन महिन्यांनी न्हाण्याधुण्याच्या आणि धुण्याभांड्यांच्या वस्तू एकत्र मागवतात. एकेकट्याने घेतल्यास ज्या वस्तू परवडत नाहीत, त्या घाऊक भावाने परवडतात, आणि सुटा रिठा, शिकेकाई, तुरटी, धुण्याचा सोडा हे तर जांभळी नाक्यावर एरवीही स्वस्तच मिळते. या खरेदीसाठी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. वस्तूत प्राण्यांपासून मिळवलेला कोणताही घटक नसावा (इंग्रजीत ‘व्हीगन’) आणि ती तपासण्यासाठी प्राण्यांचा वापर झालेला नसावा (इंग्रजीत ‘क्रुएल्टी-फ्री’). यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने मी तिला ‘शाकाहारी आणि क्रूरतामुक्त वस्तू’ असा मथळा दिला. तो वाचून तळमजल्यावरच्या काकूंनी मला विचारले, “अगं, साबण काही खात नाही, मग तो शाकाहारी कसा?”

हा प्रश्न मी येथे मांडत आहे, कारण तो केवळ व्याकरणाचा नाही आणि त्याची किंमत आम्ही एकदा मोजलेली आहे. मागच्या खेपेस मी एका दुकानात ‘शाकाहारी साबण द्या’ एवढेच सांगितले होते. दुकानदाराने हिरवा ठिपका असलेल्या सोळा वड्या दिल्या. घरी येऊन वेष्टनावरची बारीक अक्षरे भिंगाखाली वाचली, तेव्हा घटकांमध्ये मध आणि दुधाची भुकटी असल्याचे दिसले. दुकानदाराने मला फसवले नव्हते. मी जो शब्द वापरला, त्या शब्दात बसणारा माल त्याने दिला होता.

आपल्याकडे ‘शाकाहारी’ या शब्दात दूध, दही, तूप आणि मध निश्चिंतपणे बसतात, आणि ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी लावलेल्या खानावळीतही ताक मिळतेच. मांस, मासे आणि अंडी वगळली की शाकाहार पूर्ण होतो, अशी मराठी माणसाची समजूत आहे आणि ती चुकीची म्हणता येणार नाही, कारण शब्दाचा अर्थ वापरणारेच ठरवतात. साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांच्या वेष्टनावर हिरवा किंवा लाल-तपकिरी ठिपका असावा, अशी तरतूद २०१४ मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत आली, तीही याच समजुतीवर उभी आहे. गोमूत्र घातलेले फरशी पुसण्याचे द्रावण घेतले तर हा पेच आणखी स्पष्ट होतो. ते आपल्या परंपरेत केवळ चालणारे नव्हे तर पवित्र मानले जाते, तरीही त्यातील मुख्य घटक प्राण्यापासूनच आलेला असतो. अशा द्रावणाला मांसाहारी म्हणणे कोणालाही पटणार नाही आणि व्हीगन म्हणणे खरे होणार नाही.

‘निरामिष’ हा शब्द मी विचारात घेतला होता. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, त्यामुळे त्याचीही मजल शाकाहारापर्यंतच जाते. शिवाय आजच्या मराठीत आमिष ‘दाखवले’ जाते, खाल्ले जात नाही, म्हणून तो मी सोडून दिला.

मूळ इंग्रजी शब्दाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली, ती नेमकी याच अडचणीतून. दूध आणि अंडीही न खाणाऱ्यांना ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द पुरेना, म्हणून त्याच शब्दाची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून त्यांनी नवा शब्द घडवला. म्हणजे इंग्रजीतही तयार शब्द नव्हता, तो मुद्दाम करावा लागला. आपल्या देशात व्हीगन खाद्यपदार्थांचे नियम २०२२ मध्ये आले आणि त्यांच्यासाठी व्ही या अक्षराला पान फुटलेले हिरवे चिन्ह ठरले, पण ते खाण्याच्या वस्तूंपुरते आहे. मोरीतल्या फडताळावर ते आपल्याला वाट दाखवत नाही.

‘वनस्पतिजन्य’ हा पर्याय मला प्रथम फार आवडला होता, परंतु तुरटीने तो मोडला. माझे सासरे दाढी झाल्यावर तुरटीचा खडा पाण्यात बुडवून गालावर फिरवतात. तो खडा वर्षभर पुरतो आणि त्याच्या किमतीत दाढीनंतर लावायच्या द्रावणाची लहानशी बाटलीही येणार नाही. तुरटी प्राण्यापासून येत नाही, तशी ती झाडापासूनही येत नाही. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ यांचेही तसेच आहे. ‘वनस्पतिजन्य वस्तू’ असा मथळा दिला, तर यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्दोष वस्तू त्यातून बाहेर पडतात. काय असावे यापेक्षा काय नसावे हे सांगणारा शब्द येथे हवा, आणि त्यासाठी मला ‘अप्राणिज’ हा शब्द सुचतो. अंडज, जलज, खनिज या शब्दांच्या वळणाने ‘प्राणिज’ म्हणजे प्राण्यापासून झालेले, आणि तसे नसलेले ते अप्राणिज. समासात ‘णि’ ऱ्हस्व राहील, जसा तो प्राणिसंग्रहालयात राहतो.

दुसऱ्या निकषाचा शब्द मला अधिक कठीण वाटतो. ‘क्रूरतामुक्त’ किंवा ‘क्रौर्यमुक्त’ हे शब्द घडण म्हणून निर्दोष आहेत, परंतु तंबाखूमुक्त शाळा किंवा प्लॅस्टिकमुक्त शहर यांमध्ये कशापासून मुक्त हे जसे लगेच कळते, तसे येथे कळत नाही. कोणती क्रूरता, कोणावर आणि केव्हा झालेली, हे सांगणारे त्या शब्दात काहीच नाही. मध काढताना पोळे जाळले, तर तीही क्रूरताच आहे. प्रत्यक्षात क्रुएल्टी-फ्री या शिक्क्याचा अर्थ पुष्कळ अरुंद असून त्याचा संबंध प्राण्यांवर केलेल्या चाचण्यांशी आहे. सशाच्या उघड्या डोळ्यात पदार्थ घालून डोळा किती सुजतो, किती लाल होतो याची नोंद करण्याची ड्रेझ चाचणी १९४४ मधलीच, म्हणजे ज्या वर्षी व्हीगन हा शब्द जन्मला त्याच वर्षीची. वेष्टनांवर उडी मारणारा ससा छापलेला दिसतो, तो याच प्रयोगशाळेतला.

त्याऐवजी ‘प्राणिचाचणीमुक्त’ म्हणावे, तर मराठी समास आड येतो. रक्तचाचणीत रक्त तपासले जाते, मृदाचाचणीत माती तपासली जाते. या नियमाने प्राणिचाचणीत प्राणी तपासला जाईल, आणि आपल्याला सांगायचे आहे ते नेमके उलट, की तपासायचा होता साबण आणि सोसावे लागले सशाला. यासाठी एखादा सुटसुटीत आणि नेमका शब्द कोणी वापरला असल्यास कृपया कळवावे.

वाशीहून प्रतिसाद

आपण काकूंचा आक्षेप मान्य करून पुढे गेलात, पण मला तो पूर्ण पटत नाही. आपण ‘शाकाहारी थाळी’ म्हणतो तेव्हा थाळी खाते असे कोणी समजत नाही. वाशीच्या कोणत्याही गाडीवर ‘जैन पावभाजी’ मिळते आणि ‘उपवासाचा चिवडा’ तर घरोघरी होतो. खाणाऱ्याचे विशेषण खाद्यावर जाऊन बसणे हा मराठीचा नित्याचा व्यवहार आहे, म्हणून ‘शाकाहारी साबण’ अशुद्ध ठरत नाही. तो अपुरा ठरतो, आणि त्याचे कारण आपण पुढे दिलेलेच आहे. याच न्यायाने ‘व्हीगन साबण’ हेही सरळ मराठीच म्हणावे लागेल. ‘अप्राणिज’ हा शब्द अर्थाने अचूक आहे, परंतु दुकानात तो उच्चारला तर आपल्याला कोणताच साबण मिळणार नाही, अशी मला भीती वाटते.

लेखनाबाबत एक विनंती करतो. अनेक ठिकाणी ‘वीगन’ असे लिहिलेले दिसते, ते हिंदीचे वळण आहे. व्हिटॅमिन, व्हायोलिन, व्हॅन हे शब्द आपण ‘व्ह’ने लिहितो, तेव्हा ‘व्हीगन’ हेच मराठी लेखनाला धरून होईल.

ठाणे पूर्वेहून प्रतिसाद

मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, म्हणून घटकांच्या नावांविषयी लिहिते. सोडियम टॅलोएट म्हणजे गुरांच्या चरबीपासून केलेला साबण, सोडियम पामेट म्हणजे पाम तेलापासून केलेला आणि सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेल तेलापासून केलेला. ही नावे प्रामाणिक आहेत, कारण त्यांच्यात मूळ पदार्थाची खूण शिल्लक आहे. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल या नावांमध्ये तशी खूण नाही. ही दोन्ही चरबीपासून मिळतात तशीच तेलापासूनही मिळतात, आणि बाटलीतला पदार्थ दोन्ही वेळा सारखाच असतो. ‘प्राणिज ग्लिसरीन’ आणि ‘वनस्पतिज ग्लिसरीन’ हा भेद पदार्थाच्या गुणधर्मांत सापडत नसून तो केवळ त्याच्या उगमात आहे, आणि उगम सांगण्याची जबाबदारी उत्पादकावरच येते. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीवरचे मेण आहे आणि कार्माइन हा कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग आहे, हेही नावावरून कळत नाही.

आपले जुने शब्द या बाबतीत किती नितळ होते, हे मला सांगावेसे वाटते. माझी आई दात घासायला राखुंडी वापरत असे आणि त्या नावातच राख आहे. रिठ्याचे पाणी म्हटले की आणखी काही विचारावे लागत नाही. पंधरा-वीस रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत घालावेत, सकाळी हाताने कुस्करून काळ्याभोर बिया काढाव्यात आणि गाळलेल्या तपकिरी पाण्यात लोकरी कपडे धुवावेत, ही सगळी कृती आणि सगळा घटकक्रम त्या दोन शब्दांत येतो. मात्र जुने ते सगळेच नितळ नव्हते, हेही खरे. मेण म्हणजे मुळात मधमाशीचे, आणि आजच्या मेणबत्तीत बहुधा खनिज तेलापासून काढलेले पॅराफिन असते. तेथे शब्द प्राणिज राहिला आणि वस्तू बदलली. उटण्यात साय कालवली, तर घरच्या घरी केलेले उटणेही आपल्या पहिल्या निकषातून बाहेर जाते, म्हणून ‘घरगुती’ किंवा ‘आयुर्वेदिक’ हे शब्द या कामासाठी कृपया वापरू नयेत.

मूळ लेखिकेचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. थाळी आणि पावभाजीचा दाखला निर्णायक आहे आणि काकूंनाही मी तो वाचून दाखवला. ‘व्हीगन’ हा शब्द ‘व्ह’सह मी स्वीकारते. ‘अप्राणिज’ हा मात्र मी टाकून देणार नाही, कारण घटकाविषयी बोलताना तोच उपयोगी पडतो. साबण व्हीगन असेल आणि त्यातील ग्लिसरीन अप्राणिज असेल, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

चाचणीच्या शब्दाचा विचार करताना कायद्याकडे पाहावे लागले आणि तेथे एक महत्त्वाची गोष्ट दिसली. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास मे २०१४ मध्ये बंदी आली आणि अशा चाचण्या झालेल्या प्रसाधनांच्या आयातीवरील बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरपासून लागू झाली. परंतु कायद्यातील ‘सौंदर्यप्रसाधन’ म्हणजे माणसाच्या शरीराला चोळण्याची, लावण्याची, शरीरावर ओतण्याची किंवा शिंपडण्याची वस्तू. भांडी घासण्याची पावडर आणि फरशी पुसण्याचे द्रावण या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे शाम्पूच्या बाटलीवर ठसठशीत छापलेला क्रुएल्टी-फ्री हा शब्द पुष्कळसे तेच सांगतो, जे कायद्याने आधीच बंधनकारक केले आहे, आणि ज्या फरशीच्या द्रावणाबाबत त्या शब्दाने आपल्याला खरोखर काही नवे कळले असते, तेथे तो शोधूनही सापडत नाही.

‘या उत्पादनाची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे वाक्यही आता मी सावकाश वाचू लागले आहे. त्यातील ‘या उत्पादनाची’ हे दोन शब्द तयार बाटलीपुरते बोलतात, आणि बाटलीत गेलेल्या प्रत्येक घटकाविषयी ते वाक्य मौन पाळू शकते. ‘या उत्पादनाची किंवा त्यातील कोणत्याही घटकाची’ असे लिहिलेले असेल, तरच तो दावा पूर्ण मानावा, असे माझे मत झाले आहे.

या सगळ्यानंतर एकच विशेषण शोधण्याचा नाद मी सोडला. मराठीतील साधे प्रश्न येथे विशेषणापेक्षा अधिक काम करतात. नव्या यादीला मी ‘परवडणाऱ्या न्हाण्याधुण्याच्या वस्तू’ असा मथळा दिला आहे आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने आखले आहेत. पहिल्याचे नाव ‘कशापासून केले?’ आणि दुसऱ्याचे ‘कोणावर तपासले?’ काकूंना दोन्ही एका वाचनात कळले. रिठ्यापुढे पहिल्या रकान्यात ‘फळ’ आणि तुरटीपुढे ‘खनिज’ असे लिहून झाले. त्या सोळा वड्यांपुढे ‘मध, दूध’ असे लिहून मी त्या यादीतून काढल्या. कपडे धुण्याच्या पावडरीसाठी उत्पादकाला पत्र पाठवले आहे आणि उत्तर येईपर्यंत तिचे दोन्ही रकाने कोरे ठेवले आहेत.